नाशिकच्या थंडीत पहाटे गाडी काढणाऱ्यांसाठी

पावसाळा जवळ आला की नाशिकमध्ये वायपर बदलले जातात, टायर तपासले जातात आणि गॅरेजसमोर गाड्यांच्या रांगा लागतात. हिवाळ्याच्या तोंडावर मात्र अशी लगबग दिसत नाही. आपल्याकडे बर्फ पडत नाही, रस्ते गोठत नाहीत, दुपारी तर ऊन चांगलेच चटकते. मग गाडीला थंडीचे काय, असा सर्वसाधारण समज आहे. निफाडच्या बाजूला नोकरी असल्यामुळे मला ऐन थंडीतही उजाडण्यापूर्वी घर सोडावे लागते, आणि त्या रस्त्यावर जे दिसते त्यावरून हा समज धोक्याचा आहे असे माझे ठाम मत झाले आहे.

आपल्या हिवाळ्याचा स्वभाव समजून घ्यायचा तर दिवसाच्या दोन टोकांकडे पाहावे लागते. डिसेंबर-जानेवारीत शहरात पहाटेचे तापमान १० अंशांच्या आसपास, कधी त्याहूनही खाली जाते. निफाडच्या कुंदेवाडी येथील गहू संशोधन केंद्रातली नोंद तर शहरापेक्षाही खाली असते. त्याच दिवशी दुपारी मात्र पारा २८-३० अंशांपर्यंत चढतो. म्हणजे सात-आठ तासांत जवळजवळ २० अंशांचा फरक पडतो. आपण गाडी तपासतो ती सुट्टीच्या दिवशी, अकरा-बाराच्या उन्हात. गाडीचा कस लागतो तो पहाटे सहाला. दुपारी ठीक वाटलेली हवा, बॅटरी आणि काच पहाटे तशीच असतील असे धरून चालणे, हीच आपल्याकडच्या हिवाळ्यातली मोठी गफलत आहे.

टायरमधल्या हवेपासून सुरुवात करतो, कारण येथे हा फरक आकड्यांत दिसतो. तापमान साधारण साडेपाच अंशांनी उतरले की टायरमधला दाब सुमारे १ पीएसआयने (पीएसआय हे हवेचा दाब मोजण्याचे एकक) कमी होतो. दुपारच्या ३० अंशांत ३३ पीएसआय भरलेला टायर पहाटेच्या १० अंशांत ३० वर येतो. त्यातच आपण पेट्रोल पंपावर हवा भरतो ती गाडी पाच-सात किलोमीटर चालवून नेल्यावर, म्हणजे टायर तापलेला असताना. त्या उष्णतेमुळे काट्यावर दोन-तीन पीएसआय जास्तच दिसतात. दोन्ही गोष्टी एकत्र धरल्या तर दुपारी ३३ दाखवणारा टायर पहाटे प्रत्यक्षात २७-२८ वर असू शकतो. नव्या गाड्यांत टायरच्या दाबाचा पिवळा दिवा सकाळी लागतो आणि दुपारी आपोआप विझतो, तेव्हा अनेक जण सेन्सर बिघडला असे म्हणून त्याकडे काणाडोळा करतात. सेन्सर बहुतेक वेळा खरेच सांगत असतो.

यावर उपाय सोपा आहे. दाराच्या चौकटीवर चिकटवलेल्या पट्टीवर जो आकडा छापलेला असतो तो थंड टायरसाठी असतो. म्हणून गाडी रात्रभर उभी राहिल्यानंतर, सकाळी ती हलवण्यापूर्वी दाब मोजावा. त्यासाठी हातात मावणारा साधा गेज घरी ठेवला की काम भागते. नायट्रोजन भरल्यावर थंडीत दाब उतरत नाही असे काही जण सांगतात, ते खरे नाही. नायट्रोजन झिरपतो थोडा हळू, पण तापमानाचा नियम त्यालाही साध्या हवेसारखाच लागू पडतो. पहाटे कमी होणार म्हणून दुपारी मुद्दाम जास्त भरून ठेवणेही योग्य नाही, कारण फुगलेल्या टायरची रस्त्यावरची पकड घटते. कमी हवेचा प्रश्न समृद्धी महामार्गावर अधिक गंभीर होतो. पहाटे घोटीच्या किंवा सिन्नरच्या बाजूने महामार्गावर चढून गाडी सलग १२० च्या वेगाने धावू लागली की कमी हवेच्या टायरची बाजू सतत दुमडत राहते, आतून तापत जाते आणि टायर फुटण्याची शक्यता वाढते. नक्षीची खोली कायद्याने किमान १.६ मिमी असावी लागते; माझ्या मते दवाने ओलसर झालेल्या रस्त्यासाठी ती याहून बरीच जास्त हवी. टायरच्या बाजूवरचे शेवटचे चार अंकही वाचावेत. ३५१९ असे असेल तर तो टायर २०१९ सालच्या ३५ व्या आठवड्यात बनलेला आहे, आणि नक्षी शाबूत दिसली तरी रबर कडक झालेले असणार.

बॅटरीचे गणित थोडे वेगळे आहे. आपल्या गाड्यांतली शिसे-आम्लाची बॅटरी झिजते ती एप्रिल-मेच्या उन्हात. ती झिजली आहे हे समजते मात्र थंडीत. थंडीत बॅटरीतली रासायनिक क्रिया मंदावते आणि तिची ताकद घटते, त्याच वेळी इंजिनातले ऑइल घट्ट झालेले असल्यामुळे सेल मारताना जास्त जोर लागतो. दुपारी एका झटक्यात सुरू होणारी गाडी पहाटे दोनदा ओढल्यासारखा आवाज काढते, तो आवाज ही पूर्वसूचना असते. बॅटरी तीन-चार वर्षांची झाली असेल तर दिवाळीनंतर एकदा तिचा व्होल्टेज मोजून घ्यावा. रात्रभर उभ्या असलेल्या गाडीत तो १२.६ च्या आसपास असेल तर बॅटरी पूर्ण भरलेली आहे, १२.२ वर आला असेल तर निम्मीच शिल्लक आहे. टर्मिनलवर पांढरा-हिरवट थर जमला असेल तर तो कोमट पाण्यात खाण्याचा सोडा घालून काढावा, कोरडे पुसावे आणि वर पेट्रोलियम जेलीचा हात द्यावा. दुसऱ्या गाडीच्या बॅटरीवरून आपली गाडी सुरू करण्यासाठी लागणाऱ्या जंप केबल गाडीत असाव्यात आणि त्या लावण्याचा क्रम पाठ असावा: लाल टोक बसलेल्या बॅटरीच्या धन बाजूला, दुसरे लाल टोक चांगल्या बॅटरीच्या धन बाजूला, काळे टोक चांगल्या बॅटरीच्या ऋण बाजूला आणि शेवटचे काळे टोक बंद गाडीच्या इंजिनाच्या उघड्या लोखंडाला, बॅटरीपासून दूर. शेवटची जोडणी करताना ठिणगी पडते आणि बॅटरीजवळ ज्वालाग्राही वायू असू शकतो, म्हणून हा क्रम पाळायचा.

सीएनजीवर चालणाऱ्या गाड्या नाशिकमध्ये आता भरपूर झाल्या आहेत. त्यांतल्या बहुतेक गाड्या थंड असताना पेट्रोलवर सुरू होतात आणि इंजिन तापल्यावर गॅसवर जातात. तरीही पेट्रोलची टाकी कायम रिझर्व्हवर ठेवण्याची सवय अनेकांना असते. टाकीतला पंप पेट्रोलमध्येच थंड राहतो, त्यामुळे उन्हाळ्यातही हे चांगले नाही, आणि थंडीत तर पहाटे गाडी सुरूच न होण्याची वेळ येऊ शकते. डिझेल गाडीत चावी फिरवल्यावर डॅशबोर्डवरचे वेटोळ्याचे चिन्ह विझेपर्यंत थांबावे, मग सेल मारावा. गाडी सुरू झाल्यावर दहा-दहा मिनिटे जागेवर तापवत बसण्याची गरज आताच्या इंजिनांना नाही. अर्धा-एक मिनिट पुरे, त्यानंतर पहिले दोन-तीन किलोमीटर ॲक्सिलरेटर जोरात न दाबता सावकाश चालवावे. बंद गॅरेजमध्ये किंवा शटर ओढलेल्या पार्किंगमध्ये इंजिन चालू ठेवून ऊब घेत बसणे हा तर सरळ जिवाशी खेळ आहे. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो, त्यामुळे माणसाला काही कळण्यापूर्वीच शुद्ध हरपते.

इंजिन सुरू करण्यापूर्वी बॉनेटवर दोन-तीन थापा माराव्यात, ही सूचना मी प्रत्येकाला आवर्जून करतो. रात्री आलेली गाडी उबदार असते आणि गल्लीतली मांजरे, विशेषतः पिल्ले, त्या उबेला इंजिनाजवळ जाऊन बसतात. थाप ऐकली की ती खाली उतरतात. पट्टा फिरू लागल्यावर त्यांना वाट सापडत नाही. मळ्यातल्या घरांसमोर उंदरांचाही हाच मुक्काम असतो, म्हणून आठवड्यातून एकदा बॉनेट उघडून वायरींवर दातांच्या खुणा आहेत का ते पाहावे.

कूलंट, म्हणजे इंजिन थंड ठेवणारे द्रव, हा विषय आपल्याकडे फक्त उन्हाळ्याचा मानला जातो आणि पातळी कमी दिसली की नळाचे पाणी ओतले जाते. नाशिकच्या थंडीत त्याने काही गोठणार नाही; गंज चढतो आणि हीटर कमी तापतो, इतकेच. पण नाताळच्या सुट्टीत आपल्याकडून मनालीपर्यंत स्वतःची गाडी घेऊन जाणारी कुटुंबे आता बरीच आहेत, आणि त्यांच्यासाठी ही बाब फार महत्त्वाची आहे. तेथे रात्री पारा शून्याखाली जातो. पाणी गोठताना प्रसरण पावते आणि त्या दाबाने रेडिएटर, क्वचित इंजिनाचा ब्लॉकही तडकू शकतो. कूलंट आणि शुद्ध पाणी निम्मे-निम्मे असेल तर उणे ३० अंशांच्याही खाली ते टिकते. तेव्हा निघण्यापूर्वी कूलंट पूर्ण बदलून घ्यावे, इंजिन ऑइल गाडीच्या पुस्तिकेत सांगितलेल्या श्रेणीचेच भरावे आणि डिझेल गाडी असेल तर डोंगरात पोहोचल्यावर तेथल्या पंपावरचे डिझेल घ्यावे, कारण मैदानी भागातल्या डिझेलमधले मेण कडाक्याच्या थंडीत वेगळे होऊन फिल्टर तुंबतो. मनालीच्या पुढे ९.०२ किलोमीटरचा अटल बोगदा ऑक्टोबर २०२० पासून वाहतुकीला खुला झाला आणि लाहौलपर्यंत जाणे सोपे झाले. तरी बोगद्याच्या दोन्ही तोंडांबाहेरच्या रस्त्यावर बर्फाचा पातळ, पारदर्शक थर असतो. खालचे डांबर त्यातून दिसत असल्यामुळे रस्ता नुसता ओला आहे असा भास होतो. त्यावर आपले बाराही महिने वापरायचे टायर धरत नाहीत आणि ब्रेक मारला की गाडी सरळ घसरत जाते. बर्फावर पकड मिळावी म्हणून चाकांना साखळ्या लावण्याचा सराव नसेल तर मनालीहून पुढे स्थानिक चालकाची चारही चाकांना गती देणारी गाडी करावी. रात्री उघड्यावर गाडी लावताना हँडब्रेकवर विसंबू नये, कारण तो ओढलेल्या अवस्थेतच गोठू शकतो. गाडी गिअरमध्ये ठेवून चाकामागे दगड लावावा.

आता पुन्हा आपल्या पहाटेकडे येतो. गाडीत चार माणसे बसली, दारे लागली आणि गाडी गल्लीच्या तोंडाशी पोहोचेपर्यंत समोरची काच आतून दुधाळ झाली, हा अनुभव प्रत्येकाचा आहे. श्वासातली वाफ थंड काचेवर जमते. अशा वेळी चालक हाताने किंवा रुमालाने समोर एक गोल पुसून घेतो आणि त्यातून पाहत गाडी हाकतो. हाताचा तेलकटपणा काचेवर राहतो, आणि समोरून ट्रक आला की त्याचा दिवा त्या डागात फुटून पसरतो; नेमक्या त्याच क्षणी रस्त्याच्या कडेने चालणारा माणूस दिसेनासा होतो. योग्य कृती अशी आहे: हवेचा झोत समोरच्या काचेकडे वळवावा, तापमानाचा खटका लाल बाजूला न्यावा, एसीचे बटण चालू करावे आणि आतलीच हवा फिरवत ठेवणारे बटण बंद करून बाहेरची हवा घ्यावी. थंडीत एसी कशाला, असा प्रश्न हमखास येतो. एसी हवेतला ओलावा काढून घेतो आणि हीटर ती कोरडी हवा गरम करतो. दोघे मिळून मिनिटभरात काच स्वच्छ करतात. हीटर इंजिनाच्या वाया जाणाऱ्या उष्णतेवर चालतो, त्यामुळे तो लावल्याने इंधन जास्त जळत नाही. एसीचा खर्च तेवढ्या मिनिटभराचा. त्यापूर्वी आठवड्यातून एकदा काच आतून नीट धुऊन पुसलेली असावी, कारण मळकट काचेवर वाफ लवकर धरते.

बाहेरच्या बाजूचे दव वेगळे. आपल्याकडे हिवाळ्यात धूळ भरपूर असते, रात्री त्यावर दव पडते आणि सकाळी कोरडा वायपर फिरवला की काचेवर चिखलाचा पट्टा उमटतो, शिवाय बारीक ओरखडे पडतात. आधी वॉशरचे पाणी सोडावे, मग वायपर फिरवावा. उन्हाने कडक झालेले वायपरचे रबर पावसाळ्यापर्यंत ढकलू नये. गाडी झाडाखाली किंवा पत्र्याच्या शेडखाली लावली तर काचेवर दव फारच कमी पडते. हा उपाय फुकटचा आहे.

धुक्याबद्दल बोलायचे तर नाशिक जिल्ह्याची रचनाच त्याला अनुकूल आहे. आकाश निरभ्र, वारा पडलेला आणि जमिनीलगत ओलावा असला की पहाटे धुके धरते. गोदावरी, दारणा आणि कादवेच्या खोऱ्यातली पाट-पाण्याची शेती आणि नांदूरमधमेश्वरचा जलाशय यांमुळे निफाड-सायखेड्याच्या पट्ट्यात हा ओलावा सदैव असतो. अवकाळी पाऊस होऊन गेला की पुढच्या दोन-तीन पहाटा विशेष सांभाळाव्यात. त्यात आणखी एक गोष्ट मिसळते, ती बाहेरगावच्या चालकाला माहीत नसते. कडाक्याच्या थंडीत द्राक्षबागा वाचवण्यासाठी शेतकरी पहाटे बागांतून शेकोट्या पेटवतात. वरच्या उबदार हवेच्या थराखाली अडकून तो धूर वर न जाता रस्त्यावर आडवा पसरतो आणि धुक्यात मिसळतो. पन्नास पावलांपूर्वी मोकळा असलेला रस्ता एका बागेच्या वळणावर अचानक नाहीसा होतो. शेतकऱ्याचे वर्षभराचे पीक त्या धुरावर तगते, त्यामुळे सावध राहण्याची जबाबदारी आपलीच आहे.

वेगाचा हिशेब येथे मांडतो, कारण तो डोळ्यांसमोर असला की पाय आपोआप आवरतो. धोका दिसल्यापासून ब्रेकवर पाय पडेपर्यंत साधारण दीड सेकंद जातो. ताशी ६० किलोमीटर वेगाने तेवढ्यात गाडी २५ मीटर पुढे जाते आणि कोरड्या रस्त्यावर थांबायला आणखी सुमारे २० मीटर लागतात. एकूण ४५ मीटर. ताशी ८० ला हा आकडा ६५-७० मीटरवर जातो, ताशी ४० ला २५-२६ मीटरवर येतो. दवाने ओल्या, धुळीने निसरड्या रस्त्यावर ही अंतरे वाढतात. हवामानशास्त्रात २०० मीटरपेक्षा कमी दिसत असेल तर दाट धुके आणि ५० मीटरपेक्षा कमी दिसत असेल तर अतिदाट धुके म्हणतात. अतिदाट धुक्यात ६० ने जाणारा माणूस समोरची वस्तू दिसल्यावर थांबू शकेल याची खात्रीच नसते. पुढच्या गाडीने एखादा खांब ओलांडला की मनात सेकंद मोजावेत. एरवी दोन-तीन पुरतात, धुक्यात किमान चार हवेत.

दिवे डिपरवरच ठेवावेत. अप्परचा प्रकाश धुक्यातल्या थेंबांवर आपटून आपल्याच डोळ्यांत परततो. पुढचे फॉग लॅम्प असतील तर लावावेत, मागचा लाल फॉग लॅम्प धुके दाट असेपर्यंतच. चारही इंडिकेटर लुकलुकत ठेवून गाडी चालवण्याची पद्धत सध्या फार पसरली आहे आणि ती बंद व्हायला हवी, कारण मागच्या चालकाला ही गाडी उभी आहे की धावते आहे, वळणार आहे की सरळ जाणार आहे, यातले काहीच कळत नाही. ते दिवे थांबलेल्या गाडीसाठी आहेत. नजर रस्त्याच्या डाव्या कडेच्या पांढऱ्या रेघेवर असावी, गाणी बंद असावीत आणि चौकात किंवा फाटकापाशी काच थोडी खाली घेऊन कान द्यावा. थांबायचेच असेल तर डांबराच्या पूर्ण बाहेर, शक्यतो पंपाच्या किंवा ढाब्याच्या आवारात थांबावे.

धुके विरले की सूर्य समोर येतो. छत्रपती संभाजीनगरच्या दिशेने सकाळी निघालेल्या आणि संध्याकाळी नाशिककडे परतणाऱ्या माणसाच्या दोन्ही वेळा तो डोळ्यांवर असतो, आणि हिवाळ्यात तो बराच वेळ खालीच रेंगाळतो. सन व्हायझर, स्वच्छ काच आणि कमी वेग याशिवाय त्यावर दुसरा इलाज नाही. लांबच्या प्रवासात हीटर लावून, काचा बंद करून आतलीच हवा फिरवत ठेवली की तासाभरात डोळे जड होतात. कसारा घाट किंवा चांदवडजवळचा राहुड घाट लागण्यापूर्वी पाच मिनिटे दारे उघडून मोकळी हवा घ्यावी. गाडीत टॉर्च, चादर, पाणी आणि धोक्याचा लाल त्रिकोण असावा. राष्ट्रीय महामार्गावर मदतीसाठी १०३३ आणि रुग्णवाहिकेसाठी १०८ हे क्रमांक सोबतच्या प्रत्येकाला माहीत असावेत.

या रस्त्यांवर मला सर्वांत जास्त काळजी वाटते ती ट्रॉल्यांची. साखर कारखान्यांचा गाळप हंगाम आणि लाल कांद्याची आवक नेमकी याच महिन्यांत येते. उसाच्या दोन-दोन ट्रॉल्या ओढणारा ट्रॅक्टर अंधारात ताशी पंधरा-वीसच्या वेगाने चाललेला असतो. मागे लोंबणारे ऊस ट्रॉलीचे दिवे झाकून टाकतात, कित्येक ट्रॉल्यांना दिवे नसतातच, आणि चाक निखळलेली ट्रॉली रस्त्यातच चार दगड लावून उभी केलेली असते. लांबून तेथे काहीच दिसत नाही. जवळ गेल्यावर अंधाराचाच एक भाग जास्त काळा आहे असे वाटते, आणि तोवर अंतर संपलेले असते. ट्रॅक्टरवाल्याला दोष देऊन आपला वेग कमी होत नाही, म्हणून अशा रस्त्यावर आपला वेग आपणच बांधून घ्यावा. ज्यांच्या घरी ट्रॅक्टर आहे त्यांना मात्र माझी हात जोडून विनंती आहे. मागे रिफ्लेक्टर लावणे नियमाने बंधनकारक आहे. मागच्या फाळक्याच्या दोन्ही कोपऱ्यांना लाल रेडियमची रुंद पट्टी लावावी, पुढच्या बाजूला पांढरी. ऊस फाळक्याच्या बाहेर लोंबत असेल तर त्या टोकांनाच रेडियम लावलेली एक फळी बांधावी, कारण आतली पट्टी कोणालाच दिसणार नाही. पट्टी लावण्यापूर्वी पत्रा घासून, पुसून कोरडा करावा आणि हे काम दुपारी पत्र्याला ऊन लागलेले असताना करावे. दमट पत्र्यावर लावलेली पट्टी दोन खेपांत सुटून जाते.